सुई टोचली आणि सकाळपर्यंत मी कुणालाच सांगितलं नाही

रात्रपाळी
महिनाभर लिहू की नको चाललं होतं, आज सुट्टी आहे म्हणून बसले. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं झाली. त्या रात्री तीन वाजून गेलेले, एका पेशंटचं ब्लड काढलं, तो सारखा हात झटकत होता, ट्यूब कशाबशा भरल्या, एका हाताने कापूस दाबून धरलाय आणि तेवढ्यात शेजारच्या बेडचा मॉनिटर बोंबलायला लागला. शार्प्स बॉक्स, म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा डबा, कुठे, तर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, ड्रेसिंग ट्रॉलीखाली. उघडी सुई घेऊन तिथवर चालत जायचं की बेडवर ठेवायची, दोन्ही वाईट, म्हणून मी नेमकं तेच केलं ज्यावरून नवीन मुलींना मी स्वतः ओरडते. टोपण लावलं. सुई टोपणाच्या कडेवरून घसरली आणि डाव्या तर्जनीत घुसली. ग्लोव्हच्या आत लाल ठिपका दिसला.

बोट नळाखाली धरलं, पिळलं, चिकटपट्टी लावली आणि मॉनिटरकडे पळाले. मग साडेचार तास कुणाला काही बोलले नाही. का, ते अजून नीट सांगता येत नाही. फॉर्म तीन पानी, त्यात 'निष्काळजीपणाचे कारण' असा छापील रकानाच आहे. इन्चार्ज म्हणणार लक्ष कुठे असतं तुमचं. आणि आत कुठेतरी असंही वाटत होतं की सांगितलं नाही तर झालंच नाही. सकाळी हँडओव्हरला मैत्रिणीला चिकटपट्टी दिसली, तिने हाताला धरून कॅज्युअल्टीत नेलं. पेशंटचे रिपोर्ट आले, एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह. माझी पहिल्या दिवशीची टेस्ट निगेटिव्ह आली, पुढची सहाव्या आठवड्याला आहे.

तर विचारायचंय ते असं, तुमच्याकडे काय केल्याने टोचणं खरंच कमी झालं? कृपया 'काळजी घ्या' सोडून काहीतरी सांगा, ते पोस्टर आमच्या भिंतीवर आहे. मी टोपण लावत होते तेव्हा समोरच होतं.

जुनी जाणती
आधी तुला घट्ट मिठी. नोकरीतली बहुतेक वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काढून मी निवृत्त झालेय, आणि हे साडेचार तास मला अगदी ओळखीचे आहेत.

पण एक आधी सांगते, बोट पिळायचं नाही गं. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बास. पिळून व्हायरस बाहेर येतो याला काही आधार नाही, उलट तिथली कातडी दुखावते. स्पिरिट, ब्लीच असलं काही ओतायचं नाही. डोळ्यात उडालं तर नुसतं भरपूर पाणी.

टोपणाचं म्हणशील तर आमच्या पिढीला टोपण लावायलाच शिकवलं होतं! उघडी सुई ठेवलीस म्हणून आम्ही बोलणी खायचो. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गाचंच आहे असं धरून वागा म्हणून सांगितलं, त्यात सुईला परत टोपण लावू नका हेही होतं. हाताला लागलेली सवय पत्रक काढून जात नाही, माझी जायला काही वर्षं गेली. अगदी लावावंच लागलं तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं, दुसरा हात पाठीमागे न्यायचा, खरोखर पाठीमागे, आणि एकाच हाताने सुईने टोपण उचलायचं. मी विद्यार्थिनींना दुसरा हात कमरेला लावून उभं राहायला लावायचे, हसायच्या, पण मोकळा हात आपोआप मदतीला धावतो, त्याला कामाला लावल्याशिवाय तो थांबत नाही.

बाहेरचा
मी या क्षेत्रातला नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. इंजेक्शन झाल्यावर सुई आपोआप आत जाईल अशी का बनवत नाहीत? पेनाचं बटण दाबलं की रिफिल आत जाते की.

सूक्ष्मदर्शी
बाळबोध अजिबात नाही, बनवतात. बटण दाबलं की आत ओढली जाणारी सुई, वरून सरकणारं आवरण, शिरेतून बाहेर येतानाच टोकावर क्लिप बसते अशी सलाईनच्या कॅन्युलाची आतली सुई, सगळं मिळतं. अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये यासाठी वेगळा कायदा झाला, युरोपियन युनियनने २०१० मध्ये निर्देश काढला आणि मे २०१३ पर्यंत सगळ्या सदस्य देशांना तो लागू करायला लावला. अमेरिकन कायद्यातला मला आवडलेला भाग म्हणजे कुठली सुई घ्यायची हे ठरवताना ती प्रत्यक्ष वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांचं मत घेणं मालकावर बंधनकारक केलं. नाहीतर खरेदी विभाग ठरवतो आणि खरेदी विभागाला सुई टोचत नाही.

आता रात्रपाळीताई, तुमच्यासाठी आकडे, मी मायक्रोबायॉलॉजीत आहे आणि आमच्याकडची इन्फेक्शन कंट्रोलची फाईल माझ्याकडे असते. पेशंट पॉझिटिव्ह असताना एकदा सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे ३०० वेळा टोचलं तर एकदा. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्याला ६ ते ३० टक्के, पेशंटच्या रक्तात व्हायरस किती त्यावर. हिपॅटायटिस सीचा जुना आकडा १.८ टक्के होता, नंतरच्या अभ्यासांत तो बराच खाली, ०.२ टक्क्यांच्या आसपास आलाय. सीला लस नाही, टोचल्यावर लगेच घ्यायच्या गोळ्या नाहीत, पण झालाच तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. तुम्ही ज्या भीतीने महिनाभर लिहिलं नाही तिच्यासाठी हा आकडा जवळ ठेवा.

अर्धवट डॉक्टर
इंटर्न आहे, म्हणून हे नाव. मलाही टोचली, कॅज्युअल्टीत टाके घालताना, पेशंट बेशुद्ध, सोबत कुणी नाही, त्याचं स्टेटस कुणालाच माहीत नाही. मी लगेच सांगितलं, शहाण्यासारखं वागलो, तर गंमत पुढेच आहे. पीईपीचा, म्हणजे टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचा, पहिला डोस कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली फार्मसीवाल्याकडे, फार्मसीवाला सकाळी नऊला येणार. रात्री दीडला टोचलं होतं.

सूक्ष्मदर्शी
@अर्धवट डॉक्टर, हे वाचून डोकं फिरलं. पीईपी जितकी लवकर तितकी बरी, पहिल्या काही तासांतच, आणि ७२ तास उलटल्यावर सुरू करण्यात फारसा अर्थ उरत नाही. रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं, आधी डोस, मग चौकशी. पेशंट निगेटिव्ह निघाला तर बंद करता येते. पहिल्या डोसचं पाकीट २४ तास उघड्या जागी हवं.

अर्धवट डॉक्टर
हो, मिळाली एकदाची. पेशंटचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह आला म्हणून सुटलो, नाहीतर २८ दिवस घ्यायची होती. तीन दिवसांतच मळमळून जीव नकोसा झालेला (का घाबरून झालेला, देव जाणे). घरी काय सांगायचं हा वेगळाच ताप. रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरा, रक्तदान करू नका, हे मला एका सिनियरने जिन्यात सांगितलं, कुठे लिहिलेलं नव्हतं.

अजून एक. हिपॅटायटिस बीचे तीन डोस कॉलेजात घेतले होते, पण टायटर, म्हणजे लसीने ॲन्टिबॉडी किती तयार झाल्या ती टेस्ट, केलंय का विचारलं तर मी ब्लँक. तुमच्यापैकी किती जणांनी केलंय?

रक्तपारखी
मी केलंय आणि माझं आलंच नाही! तीन डोस घेऊनही ॲन्टिबॉडी १० च्या खाली, मग परत तीन डोस, मग कुठे वर गेली. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी तपासायची असते, तेव्हा १० किंवा जास्त आली की आपण सुरक्षित, पुढे ती कमी झाली तरी चालतं. पण तेव्हा तपासलीच नाही आणि दहा वर्षांनी टोचल्यावर तपासली तर काय समजायचं यावर डॉक्टरांचीच चर्चा सुरू होते, आणि आपण तिथे बोट धरून उभे.

मी लॅबमध्ये आहे, आमच्याकडचं सांगतो. सगळ्यात जास्त टोचायचं ते सिरिंजमधून ट्यूबमध्ये रक्त भरताना, कारण लोक ट्यूब डाव्या हातात धरतात आणि उजव्या हाताने सुई रबरी बुचात खुपसतात, बूच घट्ट, सुई सटकते, समोर कोण तर आपलीच बोटं. ट्यूब स्टँडमध्ये उभी करायची आणि डावा हात लांब ठेवायचा, याला एक पैसा लागत नाही. त्याहून बरं म्हणजे सिरिंज नकोच, होल्डर आणि व्हॅक्युम ट्यूब, रक्त थेट आत. पण तिथेही एक मेख आहे, होल्डर वाचवायचा म्हणून लोक सुई फिरवून काढतात, आणि त्या सुईचं मागचं टोक, रबर चढवलेलं, तेही सुईच असतं. होल्डरसकट टाकायची.

बटरफ्लायबद्दल (पंखवाली, लांब नळीची सुई) पण लिहा कुणीतरी, नळी धरून टाकायला जावं तर सुई स्प्रिंगसारखी उलटी फिरून येते.

कात्रीवाला
मी सर्जन. धागा वाचतोय. थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. आत ओढल्या जाणाऱ्या सुया वगैरे ठीक, पण ओटीत त्यांचा काय उपयोग? आमच्याकडे टोचते ती टाक्याची सुई आणि लागतो तो ब्लेड. टाक्याच्या सुईला आवरण कुठून लावणार, ती शरीरातच फिरवायची असते. तिथे शेवटी कौशल्य आणि लक्षच लागतं. सगळं यंत्रावर ढकलून चालत नाही.

जुनी जाणती
सर, लक्ष तुमचं जखमेत असतं, मागे हात करून 'होल्डर' म्हणता आणि न बघता परत देता. तुम्ही ज्या हातात देता तो हात माझा होता.

आमच्या ओटीत शेवटी सर्जन आणि माझ्या मधोमध एक वाकडा ट्रे, किडनी ट्रे म्हणतात तो, ठेवायला सुरुवात केली. धारदार वस्तू हातातून हातात नाही द्यायची, मी ट्रेत ठेवणार, सर्जन उचलणार, काम झालं की ट्रेतच ठेवणार, आणि ठेवताना तोंडाने म्हणायचं 'ब्लेड', 'सुई'. पहिला महिना सर्जन लोक वैतागले, वेळ जातो म्हणाले. मग एक दिवस ट्रे विसरला तर त्यांनीच मागितला. टाक्याची सुई बोटाने धरून फिरवणारे पण बघितलेत मी, फोर्सेप्स (चिमटा) कशाला असतो मग? आणि ब्लेड हँडलवरून बोटांनी ओढून काढणारे, त्यांना तर दंडवत.

सूक्ष्मदर्शी
+१. शिवाय टाक्याच्या सुईतही पर्याय आहे, बोथट टोकाची सुई. कातडीला नाही चालत, पण आतल्या स्नायूंना आणि त्यावरच्या पडद्याला व्यवस्थित चालते. सगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साध्या सुईच्या तुलनेत ग्लोव्हला भोक पडायचं प्रमाण निम्म्याहून खाली आलेलं दिसलं. आणि दोन ग्लोव्ह घाला, बाहेरचा फाटला तरी आतला बहुतेक वेळा शाबूत असतो, आणि सुई रबरातून जाताना तिच्यावरचं बरंचसं रक्त पुसलं जातं. टाक्याच्या भरीव सुईपेक्षा इंजेक्शनची पोकळ सुई जास्त धोक्याची ती याच कारणाने, पोटात रक्त घेऊन येते. एचआयव्ही कुणाला झाला आणि कुणाला नाही याचा १९९७ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, त्यात खोल जखम, सुईवर डोळ्यांना दिसणारं रक्त आणि ती सुई आधी शिरेत किंवा धमनीत गेलेली असणं, यांनी धोका वाढलेला दिसला. आणि टोचल्यावर झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचं औषध घेतलेल्यांत तो सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसला.

कात्रीवाला
बोथट सुई वापरून बघितलीय, हाताला वेगळी लागते, जोर जास्त लावावा लागतो. पण ठीक, पोट बंद करताना वापरीन परत. दोन ग्लोव्हने बोटांचा स्पर्श जातो म्हणायचो, त्याचीही सवय होते हे मान्य.

आता धागा निघालाच आहे तर सांगून टाकतो. मला आजवर किती वेळा टोचलंय ते मोजलेलं नाही. फॉर्म किती वेळा भरला ते मात्र नक्की माहितीये, शून्य. टोचलं की ग्लोव्ह बदलायचा आणि पुढे चालू, पेशंट उघडा पडलेला असतो. शिकवणारे असेच होते, मीही तसाच झालो.

रात्रपाळी
@कात्रीवाला, हे लिहिल्याबद्दल आभार सर. पण मग बघा ना, तुम्ही भरला नाही, मी भरणार नव्हते, आणि आमच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात दोन नोंदी. साहेब लोक तेच रजिस्टर बघून म्हणतात आपल्याकडे प्रॉब्लेम नाही. परवा हँडओव्हरला मी सहज विचारलं की या वर्षात कुणाकुणाला टोचलं, पाच हात वर आले. आमच्या एकट्या वॉर्डात.

पाखरू
मी इथे नुसता वाचक, पण आज राहवलं नाही. माझी आई हॉस्पिटलमध्ये सफाईचं काम करते. तुम्ही सगळे सुई वापरणारे लोक बोलताय, आईने आयुष्यात कुणाला सुई लावली नाही तरी तिला दोनदा टोचली. एकदा साध्या कचऱ्याच्या पिशवीतून मांडीला, पिशवी उचलून अंगाशी धरली होती म्हणून, आणि एकदा चादरी गोळा करताना, चादरीत इन्सुलिनच्या पेनाची छोटी सुई होती. तुम्हाला निदान पेशंट कोण ते कळतं, चौकशी करता येते. आईला टोचलेली सुई कुणाची होती ते कुणालाच माहीत नव्हतं. सुपरवायझर म्हणाला सुईच तपासायला पाठवू का. आणि लस? ती कंत्राटावर, तिला लस कुणी दिली नव्हती.

सूक्ष्मदर्शी
पाखरू, बरं झालं लिहिलंत. सुई तपासून काही कळत नाही, आणि ती हाताळताना अजून एकाला टोचायची भीती, म्हणून ते करूच नये. सुई कुणाची हे माहीत नसेल तर ती कुठल्या वॉर्डातून आली, किती ताजी होती यावरून डॉक्टर ठरवतात. पण हिपॅटायटिस बीचा विचार दर वेळी करावाच लागतो, तो व्हायरस शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस जिवंत राहतो. लस नसलेल्याला टोचलं तर लस लगेच सुरू करतात, आणि धोका दिसला तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार ॲन्टिबॉडीचं इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत. आईचं तेव्हा झालं नसेल तर आता लस सुरू करून घ्या, ०, १ आणि ६ महिने, आणि नंतर टायटर. कंत्राटी आहे म्हणून नाही म्हणत असतील तर लेखी विचारा.

रक्तपारखी
आईंना सांगा पिशवी गाठीला धरून अंगापासून लांब धरायची, खालून आधार द्यायचा नाही, आणि पाय देऊन दाबून बसवायची तर कधीच नाही. पण खरं सांगू का, हे त्यांना सांगताना लाज वाटते, त्या पिशवीत सुई टाकली आपल्यातल्याच कुणीतरी.

जुनी जाणती
मावश्या आणि मामा लोकांना ट्रेनिंगला बोलवतात तेव्हा मागच्या रांगेत बसवतात आणि स्लाईड इंग्रजीत लावतात. मी बघितलंय.

बाहेरचा
हे वाचून वाटतं की सगळा घोळ सुई शिरेतून निघाल्यापासून डब्यात पडेपर्यंतच्या मधल्या वेळेत आहे. बरोबर ना?

जुनी जाणती
सगळा नाही पण बराचसा. आणि ती वेळ किती मोठी, हे डबा कुठे ठेवलाय त्यावर ठरतं. जिथे सुई वापरतो तिथे, हात लांब केला की पोचेल असा, कमरेच्या थोडा वर, तोंड डोळ्यांना दिसेल असा. आत बघता येत नसेल तर माणूस चाचपडतो.

रक्तपारखी
आणि तीन चतुर्थांश भरला की बंद! ही ओळ सगळ्यांना पाठ असते पण बंद कोण करणार हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून प्रत्येक जण अजून एक सुई दाबून बसवतो आणि पुढच्याला टोचते. मी नवीन डबा आला की मार्करने रेघ मारतो आणि तारीख घालतो. रेघेला टेकला की ज्याने बघितला त्याने बंद करायचा. थोडी भांडणं झाली, पण आता डबे वेळेवर बंद होतात तेवढं.

अवांतर: काचेच्या ॲम्प्युलबद्दल कुणी बोललंच नाही. उघड्या बोटांनी तोडू नका, गॉजचा तुकडा घ्या. अजून न वापरलेल्या ॲम्प्युलने कापलं तर व्हायरस नाही, पण टाका मलाच पडला होता.

कात्रीवाला
वाचनखूण साठवली. आज ओटीत ट्रे मागितला. सिस्टरने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आजारी आहे.

रात्रपाळी
दोन आठवड्यांनी येतेय. सहा आठवड्यांचा रिपोर्ट आला, हिपॅटायटिस सीचा आरएनए, म्हणजे रक्तात व्हायरस आहे का ती टेस्ट, निगेटिव्ह. चार ते सहा महिन्यांच्या मधे अजून एक ॲन्टिबॉडी टेस्ट बाकी आहे, पण रात्री झोप लागतेय.

इन्चार्जशी बोलले. या धाग्यातले मुद्दे, नावं काढून, वाचून दाखवले. 'निष्काळजीपणाचे कारण' हा रकाना काढायला वरून परवानगी लागते म्हणे, पत्र गेलंय, बघू. तोपर्यंत आम्ही तिथे 'बॉक्स किती लांब होता' असं लिहायचं ठरवलंय, मी माझ्या फॉर्मवर २२ पावलं लिहिलं, मोजून. पीईपीचं पाकीट आता क्रॅश कार्टच्या (इमर्जन्सीच्या ट्रॉलीच्या) खालच्या खणात आहे, कुलूप नाही. सफाईच्या मावश्यांपैकी किती जणींना लस नाही याची यादी मागवलीय, ती करायला घेतली तेव्हा कळलं की यादीच कुणाकडे नाही, म्हणून सध्या मीच विचारत फिरतेय.

आणि बॉक्स. दर दोन बेडमागे एक, भिंतीला स्टँड लावून, असं मागितलं होतं. चार आले, स्टँड आले नाहीत. मग आम्ही बॉक्स बेडशेजारच्या ट्रॉलीला क्रेप बँडेजने बांधले. दुसऱ्या दिवशी एक घसरला, रिकामा होता म्हणून बरं. आता चिकटपट्टीचे उलटसुलट वेढे दिलेत आणि त्यावर मार्करने रेघ आणि तारीख, @रक्तपारखी. काल रात्री मॉनिटर वाजला तेव्हा माझ्या हातात सुई होती आणि मी न हलता, बसल्या जागेवरून, हात लांब करून ती टाकली. मग मॉनिटरकडे गेले, पेशंटला लावलेली लीड, म्हणजे मॉनिटरची वायर, निघाली होती फक्त.